देश या रकान्यात काय लिहायचं

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त हवा आणि त्याला थोडातरी मधुमेह हवा, अशी माझी समजूत होती. मी एकतीस वर्षांची आहे, दुबईत अल बर्शाला राहते आणि अजून रोज सकाळी नऊला ऑफिसात हजर असते. संपादकांना मी हे कळवलं. ते म्हणाले, "तुमचं काम नेमकं काय ते आम्हाला कळत नाही, म्हणूनच लिहा." कारण पटलं. माझ्या आईलाही ते कळत नाही. रास अल खैमाच्या मराठी बायकांना ती सांगते, "आमची मुक्ता मोठ्या हॉटेलांत खुर्च्या लावते." हे अगदीच खोटं नाही.

ज्या दोन देशांना एकमेकांच्या घरी जाता येत नाही, त्यांना भेटायला तिसऱ्याचं घर लागतं. दुबई हे असं घर आहे. विमानं सगळीकडून येतात, व्हिसा मिळतो, ऊन सगळ्यांना सारखंच लागतं. आमची कंपनी त्या भेटीची मांडामांड करते. कोणी कुठल्या दारानं आत यायचं, कोणासमोर कोण बसायचं, लिफ्टमध्ये दोघे एकत्र अडकणार नाहीत हे कसं बघायचं. करार झाला तर त्याच्या दोन प्रती निघतात. या देशाच्या प्रतीत याचं नाव आधी, त्या देशाच्या प्रतीत त्याचं. म्हणजे घरी नेऊन दाखवताना दोघंही पहिले. मी नवीन असताना हे ऐकून खूप हसले होते. जगाचा कारभार करणारी माणसं, आणि हट्ट लग्नातल्या वरपक्षासारखे!

पण मला हसू येण्यापेक्षा राग जास्त यायचा, त्याचं कारण सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढले. माझे आजोबा बांद्याचे. पलीकडे गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा आजोबा रात्रीबेरात्री हद्द ओलांडून पत्रकं वाटायचे. ती पत्रकं बाबांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून, सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा, रास अल खैमाला आणली. आमच्या शाळेत मराठी नव्हतं. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. शेवटी बाबांनी तो डबा काढला आणि मला त्यावरून वाचायला शिकवलं. त्यामुळे माझं मराठीतलं पहिलं संपूर्ण वाक्य "हा जुलूम आम्ही यापुढे सहन करणार नाही" हे होतं, आणि ते मी दुधी भोपळ्याच्या भाजीला उद्देशून म्हटलं होतं. 'परकी सत्ता', 'दास्य', 'न्याय्य हक्क' हे शब्द मला 'कोथिंबीर'च्या आधी येत होते. ज्या मुलीची बाराखडी अशी, तिनं तटस्थपणे खुर्च्या लावायचा व्यवसाय निवडला. का निवडला? मला बघायचं होतं. ज्या खोल्यांच्या बाहेर उभं राहून आजोबांनी घोषणा दिल्या, त्या खोल्यांच्या आत काय चालतं ते बघायचं होतं.

आत काय चालतं, ते एकाच बैठकीवरून सांगते.

ती बैठक एका बेटाबद्दल होती. बेटाचं नाव सांगता येत नाही. तशी आमच्या करारात अट आहे. शिवाय त्या बेटाला एक नाव नाही, तोच तर वाद आहे. एका दूरच्या देशानं ते शेकडो वर्षांपूर्वी घेतलं आणि अजून त्याच्याच ताब्यात आहे. जवळचा देश म्हणतो, ते आमच्या दारातलं आहे, आमच्याकडून हिसकावलेलं आहे, परत द्या. मी त्यांना इथे जवळचे आणि दूरचे म्हणेन. पत्रकं वाचलेल्या मुलीची बाजू कोणती असणार, ते वाचकांनी ओळखलं असेल. मनातून मी पूर्ण जवळच्यांची होते.

बैठक मात्र बेट कोणाचं यावर नव्हती. ती होती एका छोट्या विमानावर. बेटावरून जवळच्यांच्या किनाऱ्यावरच्या शहरात पूर्वी एक विमान जायचं. दोन तासांचं अंतर. तिथे मोठं हॉस्पिटल आहे. काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी भांडणात ते बंद पडलं. तेव्हापासून बेटावरचा आजारी माणूस महिन्यातून एकदा येणाऱ्या बोटीनं सहा दिवस प्रवास करून भलत्याच देशातल्या बंदरावर उतरतो. दर बुधवारी एक विमान सुरू करायचं, आणि जमलं तर शनिवारी दुसरं, एवढाच विषय. त्यासाठी चार दिवस, अकरा माणसं आणि आम्ही.

पहिल्याच दिवशी उशीचं प्रकरण झालं. जवळच्यांचे प्रमुख एक वकील होते. साठीचे, धिप्पाड, अतिशय सभ्य. पाठीचं दुखणं होतं म्हणून त्यांनी घरून आपली उशी आणली होती आणि ती खुर्चीत ठेवून ते बसले. पंधरा मिनिटांत दूरच्यांच्या एका अधिकाऱ्यानं मला बाहेर बोलावलं.

"ते आमच्या प्रमुखांपेक्षा दोन इंच उंच दिसतायत."

"त्यांची पाठ दुखते."

"फोटोत पाठ दिसत नाही. उंची दिसते."

मी मीना बाजारात गेले. तिथला सिंधी दुकानदार डझनाखाली द्यायला तयार नव्हता, म्हणून बारा उशा आणल्या, सगळ्या एका रंगाच्या, सगळ्या दोन इंची. जेवणानंतर सगळे दोन इंचांनी वर गेले आणि समता प्रस्थापित झाली. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघून हलकेच मान झुकवली. एक उशी उरली, ती मी कपाटात ठेवली.

दुसरं प्रकरण पृथ्वीच्या गोलाचं. हॉटेलच्या लॉबीत पितळी स्टँडवर एक भला मोठा गोल होता. बेट त्यावर कोणाच्या रंगात रंगवलंय यावरून भांडण नको, म्हणून मी बेटाकडचा समुद्र भिंतीकडे जाईल असा तो फिरवून ठेवला. सफाईवाले रोज तो पुसायचे आणि पुसताना फिरवायचे. मेजवानी विभागाचे सुपरवायझर इक्बालभाई, मूळचे पेशावरचे, दर दोन-तीन तासांनी मला फोन करायचे. "मॅडम, दुनिया फिर घूम गई." मी धावत जाऊन ती पुन्हा भिंतीकडे करायचे.

डोरीन आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती बेटावरच्या एकुलत्या एका दवाखान्यातली परिचारिका. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, हातात एक पिशवी आणि पायात समुद्रावर घालतात तसले जाड रबरी बूट. दूरच्यांनी तिला आपल्या डेलिगेशनमध्ये 'तांत्रिक तज्ज्ञ' म्हणून घेतलं होतं. बेटावरचं त्या अख्ख्या बैठकीतलं ते एकच माणूस. सहा दिवस बोट आणि मग दोन विमानं करून ती आमच्या नोंदणीच्या टेबलापाशी उभी राहिली आणि आधी तिनं मला फोनमधला फोटो दाखवला.

"माझी मुलगी. एल्सी. सहावा महिना."

"पहिलं?"

"पहिलं. पुढच्या बोटीनं तिला जावं लागेल. सातव्या महिन्यानंतर बोटीवर घेत नाहीत. मग तीन महिने त्या बंदरावर भाड्याच्या खोलीत एकटी बसेल. मी येऊ शकत नाही, दवाखान्यात दुसरं कोणी नाही. या खेपेला महिनाभर बदली मिळाली, तीन महिने मिळणार नाही." तिनं फोन पिशवीत टाकला. "विमान सुरू झालं तर शेवटच्या पंधरा दिवसांपर्यंत घरी राहील. आणि मी बुधवारी जाऊन पुढच्या बुधवारी परत येऊ शकेन. म्हणून आले."

आमच्याकडे बाळंतपणाला मुलगी आईकडे येते. मी आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती सांडगे तळायचं थांबून म्हणाली, "अगं बाई, पहिलटकरीण एकटी?" तिला दूर-जवळ काही कळलेलं नव्हतं. एवढं मात्र कळलं.

डोरीननं फॉर्म भरला. नाव, हुद्दा, देश. देश या रकान्यात तिनं बेटाचं नाव लिहिलं होतं. दूरचे वापरतात ते नाव नव्हतं, जवळचे वापरतात तेही नव्हतं. बेटावरचे लोक आपसात म्हणतात ते तिसरंच. मी ते तोवर कधी ऐकलंही नव्हतं. माझं काम होतं ते खोडून तिथे दूरच्या देशाचं नाव टाकणं, कारण ती त्यांच्या डेलिगेशनमध्ये होती. एका मिनिटाचं काम.

मी पेन उचललं. आणि मला डबा आठवला. आजोबांच्या एका पत्रकावर मोठ्या टायपात होतं: 'आमच्या भूमीचे नाव आम्ही ठेवू.' मला वाटलं, या अख्ख्या हॉटेलात फक्त हिलाच त्या बेटाचं नाव घ्यायचा हक्क आहे, आणि मी, बांद्याच्या माणसाची नात, ते खोडणार? मी पेन खाली ठेवलं. त्या फॉर्मवरूनच गळ्यात घालायचा बॅज छापतात, तो तसाच छापला. फार उंच वाटलं मला त्या संध्याकाळी. दोन इंचांहून नक्कीच जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे बसले. वकीलसाहेब नवीन पाहुणीशी हस्तांदोलन करायला टेबलाला वळसा घालून आले. हात पुढे केला, नजर बॅजवर गेली, हात तसाच मागे घेतला. जागेवर जाऊन फाइल बंद केली. आवाज अजिबात चढवला नाही.

"या नावाचा देश माझ्या सरकारला माहीत नाही. ज्या टेबलावर तो बसलाय तिथे मी बसू शकत नाही. बाईंबद्दल मला पूर्ण आदर आहे."

आणि ते आपली माणसं घेऊन वर खोलीत निघून गेले.

माझी बॉस नादिया. लेबनॉनची, वीस वर्षं याच धंद्यात. ती दूरच्यांच्या प्रमुखांकडे गेली, बॅज बदलायचा का विचारायला. ते हताशपणे म्हणाले, "आता कसा बदलणार? बेटावरच्या लोकांची इच्छा आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची, असं आम्ही जगभर सांगतो. तिच्या गळ्यातून तेच नाव आम्ही काढायला लावलं तर?" म्हणजे ते नाव बॅजवर आलंच नसतं तर दोन्ही बाजूंना बरं वाटलं असतं. आल्यावर काढायची कोणाचीच हिंमत नव्हती.

नादिया माझ्याकडे वळली. "हे कोणी छापलं?"

"मी. तिनं तसं लिहिलं होतं. तिचा हक्क..."

"हबीबती, मला तुझं मत नको होतं. मला तुझं प्रूफरीडिंग हवं होतं." मग घड्याळ बघून म्हणाली, "उद्या संध्याकाळी सगळ्यांची परतीची विमानं आहेत. आज असंच गेलं तर खलास. आणि तू आता आत येऊ नकोस."

मी लॉबीत आले. डोरीन गोलापाशी उभी होती. तिनं तो भिंतीपासून स्वतःकडे फिरवला होता आणि चष्मा कपाळावर चढवून समुद्रावर बोट फिरवत होती.

"इथं असायला हवं," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. तिथे निळा रंग होता आणि गोल बनवणाऱ्यानं मारलेला एक छोटा पितळी खिळा. बेट नव्हतंच. तीन दिवस मी आणि इक्बालभाई जग इकडचं तिकडे करत होतो, आणि ते त्यावर आहे का हे आमच्यापैकी कोणी बघितलंच नव्हतं.

"खिळ्याखाली असेल," डोरीन म्हणाली आणि हसली. मग हसू पुसून तिनं विचारलं, "बॅज तू छापलास?"

"हो. तुमचं नाव खोडायला माझा हात धजला नाही."

"मला विचारलंस?"

"तुम्हीच तर लिहिलं होतं!"

"मुली, मी आठ दिवस प्रवास करून आले होते. दवाखान्यातल्या प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहिते. बोटं आपोआप लिहितात. तू विचारलं असतंस तर म्हणाले असते, चंद्र लिही, पण विमान दे."

  आजोबांच्या डब्यातलं एकही वाक्य उपयोगी पडेना. तिच्यासाठी लढायचं ठरवताना मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, आणि तोंडात शब्द मात्र 'हक्क'.

तरीही कुतूहल राहवेना. एवीतेवी सगळं बिघडलंच होतं, म्हणून मी विचारून टाकलं. "तुमच्या मते बेट कोणाचं?"

"तुला कुठलं उत्तर हवंय?"

"खरं."

"मतदान झालं तर मी दूरच्यांना मत देईन. माझा जावई जवळच्यांना देईल, त्याची आई तिकडची. म्हणून जेवताना आम्ही हा विषय काढत नाही."

मला धक्काच बसला. "पण दूरच्यांनी तुमच्यावर राज्य केलं! ते चांगले आहेत असं वाटतं तुम्हाला?"

"चांगले कशाला?" डोरीन म्हणाली. "दूर आहेत, तेच बरं आहे."

हे वाक्य कुठल्या पत्रकात बसवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मी तिच्याशी सहमत आहे असंही नाही. गोव्याबद्दल माझं मत आजोबांचंच आहे आणि मरेपर्यंत तेच राहील. पण त्या बेटावर आमच्या अल बर्शातल्या दोन टॉवरांत मावतील एवढी माणसं राहतात, आणि त्यांच्यातही एका जेवणाच्या टेबलावर दोन मतं आहेत, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. मी कधी माहीत करूनही घेतलं नव्हतं.

मी बाहेर जाऊन आईला फोन केला. नोकरी जाईल असं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे एल्सीचं ते बंदर डोळ्यांसमोर येत होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पत्रिकेवरनं रुसलेत," ती म्हणाली.

"आई, आंतरराष्ट्रीय वाद आहे हा."

"असू दे गं. आपल्या मंडळाच्या गणपतीला झालं नव्हतं का? पत्रिकेवर आधी सिमेंटवाल्यांची नावं की सिरॅमिकवाल्यांची? कुलकर्णी वहिनींनी तर निरोप धाडला, नाव खाली असेल तर आरतीला पाऊल ठेवणार नाही."

"मग तू काय केलंस?"

"सगळ्यांचीच नावं काढली. नुसती कामं छापली. मोदक. सजावट. हारफुलं. ध्वनिव्यवस्था. ज्याला त्याला कळलं कोण ते. एकाचं नाव काढलं की अपमान होतो, मुक्ते. सगळ्यांची काढली की ती पद्धत होते."

मी फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "आणि त्या बाईला विचार हो आधी. नाहीतर पुन्हा करशील स्वतःच्या मनाचं." आईला माझं काम कळत नाही, असं मी वर लिहिलंय. ते मागे घेते.

मी आधी डोरीनला विचारलं. ती म्हणाली, "नर्स लिही. तेवढं पुरे." मग नादियाला सांगितलं: सगळे बॅज रद्द. नवीन बॅजवर देश नाही, नाव नाही, फक्त काम. वकील, डॉक्टर, वैमानिक, नर्स, अनुवादक. नादियानं विचारलं, "ही तुझी कल्पना?"

"माझ्या आईची. ती फराळाचा धंदा करते."

"तिला नोकरी हवीय का?" नादियानं विचारलं. ती चेष्टा करत होती की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. दूरच्यांनी कल्पना लगेच उचलली, सुटका झाल्यासारखी. जवळच्यांकडे जायला नादियानं मलाच पाठवलं. "तुझी उशी आठवत असेल त्यांना. यल्ला, नीघ."

वकीलसाहेबांनी स्वतः दार उघडलं. मी बॅज पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला.

"वकील. एवढंच?"

"एवढंच."

"आणि बाईंच्या बॅजवर?"

"नर्स."

ते आत गेले, खुर्चीत उशी सारखी करून बसले. मला बसायला सांगितलं. मग अचानक विचारलं, "तुझा देश कोणता?"

"पासपोर्ट भारताचा. जन्म रास अल खैमाचा." आणि का कोण जाणे, मी त्यांना बांदा, हद्द, पत्रकं, डबा, सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, तुमच्या विरोधात काही नव्हतं, हेही सांगितलं.

त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे तू आमच्या बाजूची!"

"कालपर्यंत होते. आता मला इतकंच कळतंय की नर्सची मुलगी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तिला विमान हवंय."

त्यांनी बॅज हातात फिरवला. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांनी तिथल्या लोकांना विचारलं होतं? त्यांना काय हवंय?"

हा प्रश्न मी शाळेत असताना बाबांना विचारला होता. त्यांचं उत्तर मी दिलं. "विचारायला जाणाऱ्यांनाच तुरुंगात टाकत होते."

वकीलसाहेब खदाखदा हसले. "हे उत्तर मी चोरणार," ते म्हणाले. बॅज गळ्यात घालून आरशात बघितलं. "सकाळी नऊला. आज माझ्या सरकारशी बोलावं लागेल."

चौथ्या दिवशी मी दाराबाहेर होते. माझी शिक्षा अजून संपली नव्हती. आत चहा घेऊन जाणारे इक्बालभाई हाच माझा आधार. पहिल्या फेरीनंतर बाहेर येऊन ते कुजबुजले, "मॅडम, डॉक्टर साहब सीधे नर्स से बात कर रहे हैं."

पहिले दोन दिवस दोन्ही बाजूंची माणसं फक्त प्रमुखांमार्फत बोलत होती. तो नियमच असतो. पण गळ्यात 'डॉक्टर' लिहिलेल्या माणसासमोर 'नर्स' लिहिलेली बाई बसली की किती वेळ तो प्रमुखाकडे बघेल? दुसऱ्या फेरीनंतर इक्बालभाईंनी बातमी आणली. रक्ताच्या पिशव्या किती थंड ठेवायच्या यावर ते दोघं वाद घालत होते. वकीलसाहेब आणि समोरचे प्रमुख गुमान ऐकत होते. "झगड़ा है, मगर अच्छा वाला."

दुपारी तीनला बुधवारच्या विमानाचा करार झाला. बेटाचं नाव त्यात कुठेच नाही. धावपट्टी अक्षांश-रेखांशांनी लिहिली आहे. 'यातील कशानेही कोणाच्या दाव्याला बाधा येत नाही' असं पहिल्याच परिच्छेदात आहे. पूर्वी असं वाक्य दिसलं की मला भेकडपणाचा वास यायचा. आता वाटतं, एल्सी सुखरूप घरी असली तर असू दे ते वाक्य तिथे. भांडण संपत नाही त्यानं. भांडण चालू असताना विमान उडतं.

आणि शनिवारचं विमान? ते चौथ्या दिवसाच्या कार्यक्रमात होतं. तिसऱ्या दिवशी व्हायचं काम चौथ्या दिवशी झालं, आणि चारला सगळ्यांच्या गाड्या विमानतळाकडे निघाल्या. शनिवारपर्यंत कोणी पोचलंच नाही. त्यानंतर ती माणसं पुन्हा एकत्र बसलेली नाहीत. बेटावर कोणी गुरुवारी आजारी पडलं तर त्याला पुढच्या बुधवारपर्यंत थांबावं लागतं. त्यातले दिवस माझ्या नावावर आहेत. त्या शनिवारचा हिशेब कोणी मागितलेला नाही. नादियानं मला कामावर ठेवलं, पगारही कापला नाही. पण मी विसरत नाही.

निघताना डोरीन माझ्यापाशी आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"बुधवार मिळाला," ती म्हणाली. "शनिवार राहिला. एक विचारू? ती उशी मी नेऊ का? एल्सीच्या कमरेला बरी पडेल."

तीच ती बारावी. मी ती तिच्या पिशवीत कोंबली.

आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर देश हा रकाना अजून आहे. तो काढायची ताकद माझ्यात नाही. पण आता मी पाहुण्याच्या शेजारी बसून तो भरते. पेन हातात घेण्याआधी विचारते, "इथे काय लिहू?" एका मिनिटाच्या कामाला कधी कधी अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात जे ऐकायला मिळतं ते कुठल्याही पत्रकात नव्हतं. आजोबा असते तर मी त्यांच्याशी यावर कडाक्याचं भांडले असते. मला वाटतं, त्यांना ते आवडलं असतं.

साडेतीन महिन्यांनी एका सकाळी मेट्रोत असताना डोरीनचा मेसेज आला. फोटोत कपड्यात गुंडाळलेलं लाल तोंडाचं बाळ, मागे जवळच्यांच्या हॉस्पिटलची हिरवट भिंत, आणि एल्सीच्या पाठीशी आमच्या मीना बाजारची उशी.

खाली लिहिलं होतं: "मुलगी झाली. मी बुधवारच्या विमानानं वेळेवर पोचले. इथल्या क्लार्क बाईनं जन्माचा फॉर्म आणला. आईचा देश असा रकाना होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, इथे काय लिहू? मी म्हटलं, जिचा आहे तिलाच विचार. पण एल्सी झोपली होती. तर ती बाई म्हणाली, मग थांबते. आणि खुर्ची ओढून बसली."